सायटोकाइन (पेशी एकमेकींना संदेश द्यायला सोडतात ती प्रथिनं) जनुकांवर काम करून सूज कशी आणतात आणि कशी उतरवतात? गोळ्यांशिवाय हे थांबवता येतं का?

पुस्तकी भाग आधी उरकतो. जनुकं चालू करणाऱ्या एनएफ-कप्पाबी या प्रथिनाला एरवी आयकप्पाबी हे प्रथिन केंद्रकाबाहेर धरून ठेवतं. टीएनएफ हा सायटोकाइन पेशीच्या रिसेप्टरला (संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटला की आयकप्पाबी नष्ट होतं, एनएफ-कप्पाबी केंद्रकात शिरतो आणि टीएनएफ, आयएल-६ (आणखी एक सायटोकाइन), कॉक्स-२ (सूज-दुखणं वाढवणारं एन्झाइम) यांची जनुकं चालू करतो. त्याच वेळी आयकप्पाबीचंही जनुक चालू करतो, म्हणजे स्वतःचा लगाम स्वतःच तयार करतो. आयएल-६ मुळे जागा होणारा स्टॅट३ (हेही जनुकं चालू करणारं प्रथिन) सुद्धा सॉक्स३ हे लगामाचं प्रथिन बनवून तोच संदेश दाबतो. सूज उतरते ती अशी.

रूमॅटॉइड संधिवातात, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते त्या आजारात, हे लगाम पुरत नाहीत. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, आई कापूस वेचणारी. सकाळी तिची बोटं मिटेनात, कणीक मळवेना. डॉक्टरांनी रूमॅटॉइड सांगून मेथोट्रेक्सेट दिलं, आठवड्यातून एकदा. काका भडकले, "कॅन्सरची गोळी काहून चारून राहिला वहिनीले?" त्यांनी गोळी बंद करवली आणि आठवडी बाजारातली बिनानावाची पुडी आणून दिली. थोड्याच दिवसांत आई पऱ्हाटीत उभी! काका गावभर सांगत फिरले. मग तिचा चेहरा सुजला, साखर वाढली, आणि पुडी संपली तशी ती खाटेवरून उठेना. पुडीत स्टेरॉइड असणार, असं डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं.

काकांना अजूनही वाटतं की पुडीनं आजार बरा होत होता. नव्हता होत. स्टेरॉइड पेशीतल्या आपल्या रिसेप्टरसह केंद्रकात जाऊन एनएफ-कप्पाबीला दाबतं, म्हणून आराम झटपट पडतो. पण तेच यकृतात साखर बनवणारी जनुकं चालू करतं. शिवाय बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसोल (नैसर्गिक स्टेरॉइड) बनवणं कमी करतं, म्हणून एकदम बंद केलं तर माणूस जिवानिशी जाऊ शकतो. अशी पुडी विकणाऱ्याला मी वैद्य म्हणत नाही.

स्टेरॉइड मुळात वाईट नाही. 2020 मध्ये डेक्सामेथासोननं ऑक्सिजनवरचे कितीतरी कोविड रुग्ण वाचवले. ते मोजून द्यावं लागतं आणि हळूहळू उतरवावं लागतं.

गोळ्यांशिवाय? रूमॅटॉइड असेल तर नाही. हळद-लसूण खुशाल खा, पण गोळी सोडू नका. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतलं तर जीव जाऊ शकतो, गरोदरपणी चालत नाही, रक्ताची आणि यकृताची तपासणी करत राहावी लागते. आणि घरात कोणी काकांसारखं बोललंच, तर त्यांना सांगा, कॅन्सरमध्ये देतात त्या डोसपुढे संधिवाताचा डोस अगदी किरकोळ असतो.