फुशिमी इनारी: आधी कोल्ह्याचं बघू

क्योतोत एकच सकाळ हाताशी आहे, तर ‘त्या कोल्ह्याच्या देवळात’, म्हणजे फुशिमी इनारीत, कमानींचे फोटो सोडून काय बघायचं, असं विचारलंयत. पण कोल्हा तिथला देव नव्हेच. नंदी म्हणजे महादेव नव्हे, तसंच हे. कोल्हा इनारीचा निरोप्या. इनारी हा देव अन्नाचा, मुख्यतः भाताचा. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने 1589 साली बांधवलेल्या दरवाज्यापाशी थांबा. तिथल्या दोन कोल्ह्यांपैकी एकाच्या तोंडात किल्ली आहे, धान्याच्या कोठाराची.

देवळाच्या जन्माची गोष्ट अशी सांगतात: हाता घराण्यातल्या एका गडगंज माणसाने मोचीवर, म्हणजे भाताच्या गोळ्यावर, बाण मारून नेम धरायचा खेळ मांडला. गोळ्याचा पांढरा पक्षी झाला, डोंगरावर जाऊन बसला आणि तिथे भात उगवला. देवळाचा आरंभ 711 सालचा मानतात. (अन्नाशी खेळू नये म्हणणाऱ्या माझ्या आजीला ही गोष्ट एका झटक्यात पटली असती.) देवळाचं स्वतःचं खाचरही आहे. 10 जूनला तिथे लावणीचा उत्सव होतो, ऑक्टोबरात कापणीचा.

मग व्यापारी इथे कसे? एके काळी जपानात जहागिरी आणि समुराईंचे पगारही तांदळातच मोजत. भाताचा देव धंद्याचा देव व्हायला वेळ लागला नाही. त्या शेंदरी कमानी नवसाच्या किंवा नवस फेडल्याच्या, डोंगरभर मिळून दहा हजारांच्या घरात. चढताना खांब कोरे दिसतात. मागे वळलात की प्रत्येकावर काळ्या अक्षरांत देणगीदाराचं नाव आणि तारीख! आपल्याकडे देवळाच्या पायरीवर नाव कोरतात ना, तोच प्रकार. मला हे पहिल्या खेपेला परत उतरताना कळलं.

क्योतो स्टेशनवरून नारा लाइनची लोकल धरा, इनारी दुसरं स्टेशन. जलद गाडी तिथे थांबत नाही. तिकीट नाही, दार रात्रंदिवस उघडं. सकाळी सातच्या आत पोचा. गर्दी पहिल्या दाट कमानींपाशीच तुंबते. योत्सुत्सुजीच्या चौकापर्यंत चढाच, तिथून शहर दिसतं. डोंगर जेमतेम 233 मीटर, पण पूर्ण फेरीला दोन-तीन तास धरा.

शाकाहारी असाल तर एक सांगतो. खाली मिळणारी इनारी-झुशी, तळलेल्या टोफूच्या पिशवीत भरलेला भात, दिसायला शाकाहारी असते, पण ती पिशवी बहुतेक ठिकाणी माशाच्या पाण्यात शिजवलेली असते. विचारूनच घ्या.