कोणी?

"तसं दुःख काहीच नाही हो मॅडम, पण मन कशात लागत नाही." हे वाक्य मी समुपदेशक म्हणून इतक्यांदा ऐकलंय की बोलणारीचा चेहरा तेवढा बदलतो. नवरा चांगला, मुलं गुणी, सासूबाईंचा जाच नाही. मग आवाज खाली येतो, "तरी रडू येतं. माझंच काही चुकतंय का?" अशाच एका ताईंची ही गोष्ट, ओळख पटणार नाही इतकी बदललेली.

पहिल्या भेटीत पाऊण तास त्या घरातल्या सगळ्यांबद्दल बोलल्या. मध्येच मुलाचा फोन आला. "कपाटात, उजवीकडे, तिसऱ्या घडीखाली," त्यांनी क्षणात सांगितलं. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "आणि तुम्हाला काय हवंय?" बराच वेळ गेला. त्यांना घरातली प्रत्येक वस्तू कुठे आहे ते ठाऊक होतं, एवढं एक सापडेना.

आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यायला सांगितलं. थकव्याचं मूळ दर वेळी मनातच असतं असं नाही आणि आम्हा समुपदेशकांना याचा विसर पडतो. अहवाल ठीक आले. मग म्हटलं, रोज पंधरा मिनिटं लिहा. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं मनातलं जड ते लिहायला लावलं होतं. लिहिल्यावर लगेच त्यांना अधिकच उदास वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. ताई हसल्या. "माझ्याकडे लिहिण्यासारखं आहे काय?"

तरी वही आणली. 'कपडे वाळत घातले. बिलं भरली. सासूबाईंना डॉक्टरांकडे नेलं. अभ्यास घेतला.' पानामागून पान असंच. मी एक ओळ मोठ्याने वाचली आणि विचारलं, "कोणी?"

"म्हणजे?"

"कपडे वाळत कोणी घातले?"

"मीच की! दुसरं कोण घालणार?"

"मग ते लिहिलं का नाही?"

त्यांनी वही ओढून घेतली, पानं उलटली. सात दिवसांत 'मी' एकदाही नव्हता. मराठीत कर्ता गाळला तरी वाक्य बिनबोभाट उभं राहतं. घरही तसंच उभं राहतं, हे मला त्या क्षणी सुचलं, आणि सुचलं म्हणून बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मी बोलले नाही. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या विचारांवर माझा पिंड पोसलाय. माणसाला त्याचं उत्तर त्याचं त्यालाच सापडू द्यावं. त्या रडल्या, मग म्हणाल्या, "मला कोणी पुसून टाकलं नाही हो. मीच लिहीत नव्हते."

हे ऐकून घरी जाऊन भांडण काढू नका. सगळी कामं टाकून द्या असंही मी सांगत नाही. आठवडाभर कर्त्यासकट लिहा, एवढंच. मग घरातलं एक काम असं निवडा की ते करायचंय हे लक्षात ठेवण्याची जबाबदारीसुद्धा दुसऱ्याकडे जाईल. 'सांग, मी करतो' ही अर्धीच मदत, कारण सांगायचं कामही तुमच्याचकडे उरतं. ते काम वेडंवाकडं झालं तर होऊ द्या, मागून जाऊन सारखं करू नका. इथे बहुतेक जणी अडतात.

एक मात्र वेगळं धरा. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-भूक बिघडली, कशातच रस उरला नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जगणं नकोसं वाटलं तर त्याच दिवशी जा. तिथे वही पुरत नाही.

ताईंनी काम दिलं ते कपड्यांचंच, मुलाला. तीन आठवड्यांनी वहीत एक ओळ होती: 'संध्याकाळी मी खिडकीत बसले. कपडे दोरीवरच होते.'

मी मान वर केली तशा त्या म्हणाल्या, "कोणी काढले ते विचारू नका मॅडम. रात्रभर तिथेच होते."