उपग्रह की ड्रोन? तुझी जागा त्यांच्यामधल्या दुव्यावर

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या ड्रोन गटात काम करते. छोट्या उपग्रहांचे ताफे आणि मानवरहित यंत्रणा लष्करात हातात हात घालून कशा चालतात, हे वाचल्यापासून मला त्याच क्षेत्रात जायचं आहे. त्यासाठी शाखा बदलून एरोस्पेस घेऊ का? आईला मात्र मी युद्धाच्या कामात पडू नये असं वाटतं.

उत्तर : शाखा बदलू नकोस. ज्या कामाने तुला ओढ लावली आहे, त्याचा सर्वांत अवघड भाग, म्हणजे उपग्रह आणि ड्रोन यांच्यातला रेडिओ दुवा, तुझ्याच शाखेत आहे.

भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून कायम एकाच जागी दिसणारा, उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचावर असतो. संकेत तिथे जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो आणि उत्तर मिळेपर्यंत अर्धा सेकंद गेलेला असतो. मोठी लष्करी ड्रोन अनेक वर्षं अशीच चालवली गेली. त्यांच्या फुगीर नाकात मोठी डिश अँटेना असते. लहान ड्रोनला ते ओझं कसं पेलणार? ५५० किलोमीटरवरचा उपग्रह मात्र सेकंदाच्या काही हजाराव्या भागात गाठता येतो, अँटेनाही छोटी चालते. अडचण वेगळीच आहे. तो सुमारे ९५ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारतो आणि आपल्या डोक्यावर काही मिनिटंच राहतो. म्हणून शेकडो, हजारो उपग्रहांचा ताफा लागतो आणि चालू संपर्क न तुटता एकाकडून दुसऱ्याकडे सोपवावा लागतो. त्यात उपग्रहाच्या वेगामुळे १२ गिगाहर्ट्झच्या संकेताची वारंवारता अडीच लाख हर्ट्झपेक्षाही जास्त सरकू शकतो. हलत्या ड्रोनवरून धावता उपग्रह धरून ठेवणारी, जागची न हलता आपला झोत वळवणारी अँटेना बनवणं हे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचंच काम.

२४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर आक्रमण झालं, त्याच सकाळी व्हायासॅटच्या उपग्रह सेवेवर सायबर हल्ला झाला. उपग्रहाला धक्काही लागला नाही, जमिनीवरचे हजारो मोडेम निकामी झाले. पुढे स्पेसएक्स कंपनीच्या स्टारलिंक या इंटरनेट उपग्रहांच्या ताफ्याने तिथलं दळणवळण सावरलं आणि युक्रेनच्या सागरी ड्रोनवरही त्याचे टर्मिनल दिसू लागले. तेव्हा नेटवर्क सुरक्षेचा विषय ऐच्छिक म्हणून सोडून देऊ नकोस. जीपीएसचे संकेत दाबले किंवा खोटे पाठवले, तरी ड्रोनला वाट सापडली पाहिजे. त्या कामासाठी कालमन फिल्टर, म्हणजे अनेक अचूक नसलेल्या मोजमापांतून खरी जागा आणि वेग अजमावणारी गणिती पद्धत, नीट शिक.

पाहण्याची बाजूही तितकीच मोठी आहे. आइसआयसारख्या कंपन्यांचे छोटे रडार उपग्रह ढगांतून आणि अंधारातही जमीन टिपतात. काही उपग्रह तिघांच्या गटाने उडतात आणि एखाद्या रेडिओ संकेताच्या पोहोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून त्याचा उगम शोधतात. उपग्रहाने मोठ्या प्रदेशातून संशयास्पद जागा हेरायची आणि ड्रोनने जवळ जाऊन खात्री करायची, अशी विभागणी असते. या दोन पावलांमध्ये जाणारा वेळ घटवायचा, तर चित्र खाली पाठवण्याआधी कक्षेतच त्याची छाननी करणारं सॉफ्टवेअर लागतं. मोजक्या विजेवर चालणारा असा प्रोग्रॅम लिहिता येणारी व्यक्ती कुठल्याही गटाला हवी असते.

आता आईचं म्हणणं. ते झटकून टाकू नकोस, मलाही ते महत्त्वाचं वाटतं. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराने कक्षेत अण्वस्त्रं आणि सामूहिक संहाराची शस्त्रं ठेवायला बंदी घातली. टेहळणी आणि दळणवळणाच्या उपग्रहांना नाही. जो रडार उपग्रह पूर दाखवतो, तोच रणगाडेही दाखवतो. त्यामुळे 'मी फक्त अँटेना बनवते' एवढं म्हणून जबाबदारी टळत नाही. मारा करण्याचा निर्णय माणूस घेतो की यंत्र, आणि आपलं काम त्या साखळीत कुठे बसतं, हे नोकरी स्वीकारण्याआधी स्पष्टपणे विचारून घे. उत्तर पटलं नाही, तर हीच कौशल्यं आपत्ती व्यवस्थापन, हवामान आणि जहाज वाहतुकीतही चालतात. आईलाही हे सांग. काळजी मिटणार नाही, पण बोलणं तरी सुरू होईल.

या सत्रात एक काम कर. स्वस्त सॉफ्टवेअर रेडिओ (संगणकाला जोडून चालणारा रेडिओ) आणि तारेची साधी अँटेना घेऊन ध्रुवीय कक्षेतल्या हवामान उपग्रहाचा १३७ मेगाहर्ट्झचा संकेत पकड, त्यातून चित्र काढ. उपग्रह क्षितिजावर कधी येईल, याचं गणित तयार सॉफ्टवेअर न वापरता स्वतः कर. पहिल्या काही खेपांना नुसती खरखर ऐकू येईल. ती का आली, हे वहीत लिहीत जा. मुलाखतीला जाशील तेव्हा गुणपत्रिकेबरोबर ती वहीही ने.