सीमाभागातील मत : भाषेचे की पोटाचे?

प्रश्न : आमच्या भागात हुतात्मा दिनाला घराघरांतून माणसे येतात, मोर्चात तरुण पुढे असतात, पण लोकसभेला त्यांतलेच बरेच जण राष्ट्रीय पक्षांना मत देतात. सीमाभागातल्या मराठी माणसाला भाषेपेक्षा पैसा मोठा वाटू लागला आहे का?
— एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : तसे म्हणणे आपल्याच माणसांवर अन्याय करणारे ठरेल, असे मला मनापासून वाटते. आधी मतदारसंघांची रचना पाहावी. बेळगाव लोकसभा मतदारसंघातील आठ विधानसभा क्षेत्रांपैकी बेळगाव उत्तर, दक्षिण आणि ग्रामीण या तिन्हींत मराठी मताला वजन आहे. सौंदत्ती, बैलहोंगल, रामदुर्ग, गोकाक, अरभावी येथे ते फारसे नाही. खानापूर उत्तर कन्नड मतदारसंघात गेले आहे, तर निपाणी चिक्कोडीत. शिवाय सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, म्हणजे त्याचा निकाल खासदाराच्या हाती नाही. तेव्हा केवळ मराठी मतांवर खासदार निवडून येणे अवघड, हे ओळखून अनेक जण प्रमुख दोन राष्ट्रीय पक्षांपैकी एकाला निवडतात.

तरीही एप्रिल २०२१ च्या पोटनिवडणुकीत सीमाभागात मराठी माणसांची बाजू मांडणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे शुभम शेळके यांना सुमारे १ लाख १७ हजार मते पडली आणि भाजपच्या मंगला अंगडी जेमतेम पाच हजारांच्या फरकाने निवडून आल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेळगाव महापालिकेच्या ५८ पैकी ३५ जागा मात्र भाजपने जिंकल्या. भाषेची ओढ आटलेली नाही, पण ती प्रत्येक निवडणुकीत सारख्याच जोराने मतपेटीत उतरत नाही.

यात आर्थिक स्तराचा भाग मोठा आहे. बेळगाव शहरात टिळकवाडीतल्या ज्या कुटुंबाची मुले पुण्यात नोकरीला आहेत, त्याला कन्नड कागदपत्रांची झळ क्वचितच बसते. हलगा-मच्छे बायपासमध्ये पिकाऊ जमीन गेलेल्या शेतकऱ्याला मात्र जमिनीचा कन्नडमधला उतारा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, आणि नुकसानभरपाईसाठी सत्तेतल्या माणसाचे दारही त्यालाच ठोठवावे लागते. वडगाव-शहापूरच्या विणकराला यंत्रमागाचे वीजबिल आणि साडीची मजुरी यांचा मेळ बसवायचा असतो. त्याच्या घरात कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा २ हजार रुपये येत असतील, तर मत देताना त्यांचा विचार होणारच. भाषेचा जाच ज्याला सर्वांत जास्त, सत्तेची गरजही त्यालाच सर्वांत जास्त. म्हणून त्याच्या मताला पैशाचा लोभ म्हणू नये.

समितीने लोकसभा लढवावी की नाही, यावर मतभेद आहेत. लढवायची असेल, तर मराठीतून उतारा, बायपासची भरपाई आणि विणकरांचे वीजबिल हे विषय तिने एकाच जाहीरनाम्यात, सारख्याच ठळकपणे मांडावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.