कंस मामा की कंस गणितातला?

प्रश्न: मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात लोखंड, तांबं हे धातू, व्याकरणात कर, बस, लिही हेपण धातूच, आणि कंस तर कृष्णाचा मामाही आणि गणितातलाही. हा काय गोंधळ आहे?

उत्तर: गोंधळ नाही हो, मला तर ही भाषेची श्रीमंतीच वाटते. धातू म्हणजे मुळात पायाचा घटक, ज्यावर पुढचं सगळं उभं राहतं. आता 'कर' घ्या, त्यातून करतो, करून, करणारा, करणी असं किती काय निघतं, आणि आयुर्वेदातही रस, रक्तापासून शुक्रापर्यंत ७ धातू आहेतच, शरीर धरून ठेवणारे.

कंसाचं तर अजून भारी आहे. संस्कृतात कंस म्हणजे कासं, तांबं आणि कथील मिसळून होतं ते, म्हणजे बघा, कंस स्वतःच मिश्रधातू निघाला! कासार हा शब्दही कांस्यकारवरूनच आलाय. भूमितीत वर्तुळाचा तुकडा तो कंस, आणि गणितात साधा, महिरपी, चौकटी असे तीन. १२ − (५ + ३) चं उत्तर ४ येतं आणि तोच कंस काढला की थेट १०, मुलीला हे एकदा वहीत करून बघायला सांगा.