स्पेनमधल्या आल्बारासीन गावाला जाताय? मग हे वाचा

डे ट्रिप नका करू, एक रात्र तिथेच काढा. दुपारी गर्दी असते, संध्याकाळी टुरिस्ट बसेस गेल्या की गाव आपलंच. गावात रेल्वे नाही, जवळचं शहर तेरुएल साधारण 38 किमीवर आहे आणि तिथून बस अगदीच मोजक्या, त्यामुळे कार भाड्याने घेतलेली बरी. पण गाडी खाली नदीजवळच लावा हां, वर गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या घरांचे छज्जे जवळपास एकमेकांना टेकतात, आणि चाकांची मोठी बॅग त्या दगडी चढावर ओढायची म्हणजे शिक्षाच, सॅक घ्या.

तटबंदी सकाळी लवकर चढा. गावाच्या डोक्यावर आंदादोर बुरूज आहे, मुस्लिम काळातला, तिथून खालची गुलाबी-तांबूस घरं आणि नदीचं वळण एका नजरेत दिसतं. आपल्याकडे गड चढलेल्यांना हा चढ म्हणजे काहीच नाही, पण बुटांना ग्रिप हवी, दगड घसरडे आहेत. खुलियानेताचं घर मात्र चुकवू नका, इतकं वाकडं की उभं कसं राहिलंय देव जाणे!

जेवण दुपारी दोननंतर, रात्रीचं नऊला, मधल्या वेळात किचन बहुतेक बंद, म्हणून बिस्किटं-फळं जवळ ठेवा. व्हेज असाल तर मिगास (पावाचे तुकडे परतून केलेला पदार्थ) मागवताना आधी विचारा, त्यात पोर्क असतंच बहुतेक. आणि उंची 1,100 मीटरच्या वर आहे, उन्हाळ्यातही रात्री जॅकेट लागतं.

वेळ उरलाच तर जवळच्या रोदेनो पाइनच्या जंगलात खडकांवर काढलेली प्रागैतिहासिक चित्रं आहेत, 1998 पासून युनेस्कोच्या यादीत.