ब्रिटनमध्ये पायी फिरण्यासाठी तुमच्या आवडीची निसर्गरम्य ठिकाणे कोणती?

या प्रश्नाला माझे पहिले उत्तर वायव्य इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगर-तलावांच्या प्रदेशातील कॅटबेल्स हा डोंगर हे आहे. केसविक या गावाहून लाँचने डरवेंटवॉटर तलाव ओलांडावा, हॉज एंडच्या धक्क्यावर उतरावे आणि तेथूनच चढायला लागावे. उंची अवघी 451 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी, तरीही माथ्याजवळ असंख्य पावलांनी गुळगुळीत झालेल्या कातळाला हात टेकवतच वर जावे लागते. पाऊस पडून गेला असेल तर तेथे विशेष जपावे. वर पोहोचल्यावर एका बाजूला बेटांसह सगळा तलाव आणि दुसऱ्या बाजूला न्यूलँड्सचे हिरवे खोरे दिसते. वाटेत चरणाऱ्या हर्डविक मेंढ्या अवश्य निरखाव्यात, कारण त्यांची कोकरे काळी जन्मतात आणि वयानुसार त्यांची लोकर राखाडी होत जाते.

समुद्रकिनारा हवा असेल तर दक्षिण इंग्लंडच्या ससेक्समधील सेव्हन सिस्टर्स हे खडूचे पांढरेशुभ्र कडे पाहावेत. ककमिअर हेवनपासून बर्लिंग गॅपमार्गे 162 मीटर उंचीच्या बीची हेडपर्यंतची वाट सतत चढ-उताराची असल्याने चांगलीच दमवते. हे कडे ठिसूळ असून अचानक ढासळतात, म्हणून छायाचित्रासाठीही कडेला जाऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

स्कॉटलंडमधील ग्लेन्को या डोंगरांनी वेढलेल्या दरीसाठी मात्र स्वतंत्र दोन-तीन दिवस राखून ठेवावेत.